मच्छरसिंगला पुढे ढकलू नका

‘पुराना मंदिर’ पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुतेक एकाच ठिकाणी चुकतो. हवेलीतला दरवाजा कुरकुरलेला असतो, भिंतीवरच्या तसबिरीकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, खोलीतली कुजबुज थांबलेली असते, आणि तेवढ्यात पडद्यावर ‘शोले’ची नक्कल सुरू होते. मच्छरसिंग नावाचा डाकू बनलेला जगदीप गब्बरच्या थाटात डरकाळ्या फोडायला लागतो. पाहणाऱ्याचा हात आपोआप रिमोटकडे जातो. हा पोरकटपणा संपला की पुन्हा भुताकडे येऊ, असं म्हणून तो दहा-दहा मिनिटं पुढे ढकलतो. त्यानं जे उरतं तो लंगडा, तुटक आणि बराचसा कंटाळवाणा भयपट असतो. मग तो सांगत सुटतो की रामसेंचे सिनेमे असेच.

रामसेंचे सिनेमे असे नाहीत. निदान हा एक तरी नाही. तुलसी आणि श्याम रामसे या भावांनी दिग्दर्शित केलेला हा १९८४चा चित्रपट भीती, हाणामारी आणि खळखळून हसू यांना एकाच पंगतीत बसवतो, आणि ते त्यानं जाणून केलेलं आहे. तो वेडगळ आहे यात वाद नाही. पण त्या वेडगळपणाला त्याची स्वतःची शिस्त आहे आणि ती ध्यानात ठेवून पाहिलं तर या चित्रपटासारखी मजेची रात्र क्वचित मिळते. आमच्या शिरगावात, बदलापूर पूर्वेच्या या टोकाला, आठवडाभर लोकलचे धक्के खाऊन आलेल्या माणसांना शनिवारी रात्री काय पाहावं हा प्रश्न पडतोच. त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी हा चित्रपट एकदा अर्धवट पाहून सोडून दिला त्यांच्यासाठी, तो कसा पाहावा ते सांगतो.

आधी हे लोक कोण होते ते थोडं माहीत हवं. रामसे हे मूळचे रामसिंघानी, कराचीचे सिंधी. वडील फतेहचंद यांचं तिथं रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर हजारो सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत आली आणि १९४९मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. रामसे तिथं न येता मुंबईत उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर त्यांनी पुन्हा रेडिओचंच दुकान थाटलं. पण त्यांची कष्टाची पद्धत उल्हासनगरच्या जुन्या व्यापारी घरांना लगेच ओळखीची वाटेल: बाहेरचा माणूस पगारावर ठेवण्यापेक्षा घरातल्या प्रत्येकाला एक काम शिकवायचं. सात भाऊ होते. कुमार लिहीत, गंगू कॅमेरा सांभाळत, किरण ध्वनी पाहत, अर्जुन संकलन करत, केशू कॅमेऱ्यापासून निर्मितीपर्यंत लागेल तिथं उभे राहत, आणि तुलसी-श्याम दिग्दर्शन करत. छायाचित्रणाचं शिक्षण त्यांनी जोसेफ मॅसेली यांचं इंग्रजी पाठ्यपुस्तक वाचून, आपसांत पाठ करून घेतलं.

भयपटाकडे ते कसे वळले याची गोष्ट मराठी वाचकानं तर माहीत करून घ्यावीच. वडिलांनी १९७०मध्ये ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर, म्हणजे ‘रणांगण’ कादंबरीचे लेखक. चित्रपट पडला. पण त्यातल्या एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून संग्रहालयात चोरी करायला येतात, आणि तेवढ्यापुरतं प्रेक्षागृह जागं होतं, हे मुलांनी थिएटरात बसून पाहिलं. लोक ज्या दहा-पंधरा मिनिटांसाठी तिकीट काढतात, तेवढ्याचाच अख्खा चित्रपट का करू नये, असा हिशेब त्यांनी वडिलांपुढे मांडला. त्यातून १९७२चा ‘दो गज जमीन के नीचे’ झाला. सगळं कुटुंब महाबळेश्वरला जाऊन राहिलं आणि जेमतेम साडेतीन लाखांत चित्रीकरण उरकून आलं. ‘पुराना मंदिर’ येईपर्यंत त्यांच्या हाताला बारा वर्षांचा सराव झाला होता.

आता तयारी. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत. ऐंशीच्या दशकात हा चित्रपट अनेकांनी भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर पाहिला, तोही कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेल्या, काळवंडलेल्या नकलेवरून. अंधारातली दृश्यं नुसती काळी दिसली आणि रामसेंना कॅमेरा कळत नाही असा समज पक्का झाला. या चित्रपटाची किंमत कमी लेखली गेली त्याला माझ्या मते हे एक मोठं कारण आहे. म्हणून आधी दोन मिनिटं चालवून पाहा. हवेलीच्या दृश्यात निळा आणि लाल प्रकाश वेगळा दिसतो का, माणसाच्या चेहऱ्याची एक बाजू उजळलेली आणि दुसरी अंधारात आहे का, ते बघा. सगळं राखाडी दिसत असेल तर ती प्रत सोडा, दुसरी शोधा. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते. ती बंद करा, नाहीतर जुना चित्रपट मालिकेसारखा दिसायला लागतो. टीव्हीच्या मागच्या बारीक स्पीकरवर विसंबू नका. साधा बाहेरचा स्पीकर जोडला तरी पुष्कळ फरक पडतो, कारण या चित्रपटातली निम्मी भीती कानांतून येते. इमारतीत राहत असाल तर साडेसातच्या सुमारास सुरू करा. चित्रपट सव्वादोन तासांहून मोठा आहे, आणि दहानंतर शेजाऱ्यांना किंकाळ्या ऐकू येऊ नयेत.

एकट्यानं पाहू नका. हा सल्ला मी आग्रहानं देतो. रामसेंचा प्रेक्षक तालुक्याच्या गावातल्या गच्च भरलेल्या थिएटरातला होता, आणि कुठं ओरडणार, कुठं शिट्टी येणार, कुठं बायाबापड्या पदर तोंडाशी धरणार याचा अंदाज घेऊनच दृश्यांची लांबी ठरलेली आहे. एकटा माणूस पाहतो तेव्हा त्या मोकळ्या जागा रिकाम्या राहतात आणि चित्रपट रेंगाळतोय असं वाटतं. सहा-सात जण जमवा. त्यात निदान एक जण सहज घाबरणारा असू द्या आणि एक जण असा, ज्यानं ‘शोले’ तोंडपाठ केला आहे.

मुलांना मात्र बसवू नका. चित्रपट प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्राचा आहे. आणि आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवायची: कथेतला शाप बाळंतपणाशी जोडलेला आहे. घरात कुणी गरोदर असेल, किंवा त्या बाबतीत कुणी दुःख भोगलेलं असेल, तर त्यांना हे अचानक दाखवणं बरं नव्हे. गोष्ट अगोदर सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा.

कथा तशी सरळ आहे. दोनशे वर्षांपूर्वी राजा हरिमानसिंगाचा काफिला काळ्या पहाडीजवळ अडतो, राजकुमारी जवळच्या पडक्या वास्तूत शिरते आणि सामरी नावाच्या नराधमाच्या तावडीत सापडते. राजा त्याचा शिरच्छेद करवतो. मुंडकं पेटीत घालून हवेलीत बंद होतं, धड देवळामागं पुरलं जातं. मरताना सामरी शाप देतो: या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंत होताना मरेल, आणि ज्या दिवशी मुंडकं पुन्हा धडाला लागेल त्या दिवशी वंशच संपेल.

हा सुरुवातीचा भाग नीट पाहा, त्या वेळी चहा करायला उठू नका. माझ्या मते हिंदी भयपटातल्या उत्तम आरंभांपैकी तो एक आहे. संवाद अगदी कमी आहेत. बग्गी, धुकं, पडकी कमान, आत जाणारी एकटी मुलगी, आणि मग सामरीचा चेहरा. तो चेहरा अनिरुद्ध अगरवाल यांचा आहे. श्रेयनामावलीत त्यांचं नाव अजय अगरवाल असं येतं. हे गृहस्थ रुडकीला स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेले. उंची सव्वासहा फुटांच्या आसपास, चेहरा लांबट, हाडं वर आलेली, डोळे खोल. रामसेंना महागडी रंगभूषा परवडणारी नव्हती आणि इथं तिची फारशी गरजही पडली नाही. प्रकाश खालून टाकला की काम झालं. पुढं ‘बँडिट क्वीन’मध्येही ते दिसले, पण लोकांच्या मनात ते सामरीच राहिले. त्यांच्या चालण्याकडे लक्ष द्या. ते कधीच घाई करत नाहीत. पळणाऱ्या माणसामागं संथ चालत येणारा माणूस जास्त भीतिदायक असतो, हे रामसेंना पक्कं ठाऊक होतं.

यानंतर कथा आजच्या काळात येते आणि लगेच गाणी, कॉलेज, प्रेम सुरू होतं. मोहनीश बहल आणि आरती गुप्ता ही जोडी. शोभना समर्थ यांचा नातू आणि नूतन यांचा मुलगा ‘मैंने प्यार किया’च्या आधी कसा धडपडत होता ते इथं दिसतं. हा भाग सपक आहे, तो सहन करा. पण त्यातली एक बारीक गोष्ट टिपण्यासारखी आहे. मुलीचे वडील, ठाकूर रणवीरसिंग (प्रदीपकुमार), लग्नाला ठाम नकार देतात. शेकडो हिंदी चित्रपट पाहिलेला प्रेक्षक समजतो की श्रीमंत बापाला गरीब जावई नको. मग कळतं की हा बाप लेकीच्या बाळंतपणाला भ्यालेला आहे. त्याची बायको याच शापानं गेली आहे. नेहमीचा खलनायकी बाप एका क्षणात असहाय माणूस होतो. सामाजिक चित्रपटाचा साचा घेऊन त्याच्या पोटात भीती लपवण्याची ही युक्ती कुमार रामसेंच्या लिखाणातली खरी हुशारी आहे आणि तिचं कौतुक कुणी करताना दिसत नाही.

नायक-नायिका आणि त्यांच्या सोबतचे दोघं असे चौघं जण बिजापूरच्या त्या हवेलीत पोचले की दिवे पूर्ण मालवा. इथून पुढं गंगू रामसेंचा कॅमेरा पाहायचा. खिडकीतून निळा प्रकाश येतो, जिन्याखालून लाल, कुठं हिरवा. हा प्रकाश कुठून येतोय असा प्रश्न विचारू नका. तो चंद्राचा नाही, दिव्याचाही नाही, तो त्या खोलीच्या मनःस्थितीचा आहे. इटलीत मारिओ बावा यांनी साठच्या दशकात असेच रंग वापरले. त्यांच्या चित्रपटांना आज जगभर अभ्यासक आहेत आणि आपल्याकडच्या गंगू रामसेंचं नाव २०२४मध्ये ते गेले तेव्हा चार ओळींच्या बातमीपुरतं आलं, याचं मला वाईट वाटतं. दृश्य चालू असताना एखाद्या वेळी आवाज बंद करून फक्त चौकट पाहा. मग पुन्हा तेच दृश्य डोळे मिटून ऐका: वारा, कडी, लांबवर कुत्रं, आणि मध्येच सगळं थांबतं. किंकाळीच्या आधी शांतता किती वेळ धरायची याचं माप किरण रामसेंना फार चांगलं कळत होतं. कोकणातल्या मुरुडला कधी गेलात तर नवाबांचा राजवाडा बाहेरून बघा. रामसेंच्या चित्रपटांना अशाच खऱ्या जुन्या वास्तूंनी भिंती पुरवल्या. सेट बांधायला पैसे नव्हते, म्हणून ओल आलेले खरे दगड मिळाले, आणि त्या ओलीचा वास पडद्यावर येतो.

आणि आता मच्छरसिंग.

रिमोट खाली ठेवा. जगदीप हे ‘शोले’तले सूरमा भोपाली. ज्या चित्रपटानं त्यांना घराघरांत नेलं, त्याच चित्रपटाची नऊ वर्षांनी ते अशी पोटभर टिंगल करतात. हे प्रसंग मूळ कथेला एका धाग्यानं जेमतेम बांधलेले आहेत. शुद्ध रचनेच्या दृष्टीनं ते गळू शकतात. पण थिएटरात बसलेल्या माणसाच्या छातीचा विचार करा. अर्धा तास घाबरल्यावर भीती बोथट होते, अंग सरावतं, पुढचा धक्का लागत नाही. मध्ये मोठ्यानं हसू आलं की शरीर सैल पडतं आणि पुढची किंकाळी पुन्हा ताजी लागते. हे रामसेंनी शोधलेलं नाही. आपल्याकडे ते फार जुनं आहे. दशावतारात संकासुर येतो तेव्हा तो भयंकरही असतो आणि सगळ्यांत जास्त हशाही त्याच्याच बोलण्याला मिळतो. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात राक्षसाचा मुखवटा अंगावर धावून आला की पोरं किंचाळत पळतात आणि पुढच्याच क्षणी हसत परत येतात. भय आणि हसू वेगवेगळ्या ताटांत वाढायची सवय आपल्याला नंतर लागली. ‘पुराना मंदिर’ त्या सवयीच्या आधीचा आहे. म्हणून मच्छरसिंगच्या प्रसंगात ‘शोले’ पाठ असलेल्या माणसाला मोठ्यानं मूळ प्रसंग सांगू द्या, राजेंद्रनाथ कोणाची नक्कल करतात ते ओळखायला लावा, ललिता पवार कुठं दिसतात त्यावर पैज लावा. भजी याच वेळी आणायची, हवेलीच्या वेळी नाही.

हाणामारीच्या बाजूला पुनीत इस्सर आहेत. ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांना दुखापत झाली त्या प्रसंगातले ते नट, पुढं ‘महाभारत’चे दुर्योधन. इथं ते नायकाचे मित्र आहेत, आणि खरं सांगायचं तर नायकापेक्षा पडदा तेच जास्त भरतात. त्यांच्या मारामाऱ्या ढोबळ आहेत. ठोशांचा आवाज ठोशाआधी येतो. पण एवढा धिप्पाड माणूस कथेत असल्याचा एक उपयोग आहे: सामरीसमोर त्याचीही ताकद कमी पडते तेव्हा बाकीच्यांचं काय होणार हे वेगळं सांगावं लागत नाही.

मराठी प्रेक्षकानं सदाशिव अमरापूरकरांवर नजर ठेवावी. नगरच्या या नटानं १९८३मध्ये ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी केला. खुर्चीत बसून, आवाज न चढवता माणसाला गार करणारा. लगेच पुढच्या वर्षी ते इथं दुर्जन होऊन येतात, आणि इथं सगळं उघडं, मोठं, रांगडं आहे. दोन्ही चित्रपट लागोपाठच्या शनिवारी पाहा. एकच नट दोन टोकांच्या मागण्यांना कसं उत्तर देतो याचा एवढा चांगला धडा दुसरीकडे मिळणार नाही. त्यांनी हा चित्रपट हलका समजून उरकलेला नाही, हे त्यांच्या डोळ्यांत दिसतं. वेडगळ चित्रपटाला तारणारी गोष्ट हीच असते की त्यातल्या माणसांनी त्याच्यावर विश्वास ठेवलेला असतो.

काही गोष्टी आवडून घेऊ नयेत. जंगलातल्या माणसांचं चित्रण अडाणी आणि अन्यायाचं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या ठाकर-कातकरी पाड्यांशी ज्यांचा संबंध आहे त्यांना ते खुपेल, आणि खुपायलाच हवं. बायकांच्या शरीराकडे कॅमेरा जिथं उगाच रेंगाळतो तिथं तो भीती वाढवत नाही, फक्त तिकीट विकतो. हे पाहताना बोलून दाखवा. आवडीच्या चित्रपटातलं वाईट नजरेआड केलं की आवडही कच्ची राहते. भूत आणि करणीवर खरोखर विश्वास असलेलं कुणी सोबत असेल तर त्यांची चेष्टा करू नका. मध्यंतरात पेटीतलं मुंडकं कसं केलं असेल, धूर कुठून सोडला असेल, यावर चर्चा काढा. युक्ती कळली की माणसाचा धीर वाढतो आणि करमणूक कमी होत नाही.

शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की शेवटच्या वीस मिनिटांत कुणी उठू नये, आणि त्या भागात मोबाइल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत असावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमलं तर एक स्टेशन मुंबईच्या दिशेनं जा आणि अंबरनाथचं शिवालय पाहून या. खरं पुराणं मंदिर आपल्या इतकं जवळ असताना ते न पाहणं बरं नव्हे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ आहे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं हे काम. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. बाहेरचं ऊन मागं राहतं, डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही, आणि आपला आवाज आपल्यालाच वेगळा ऐकू येतो. पण तिथं भीती वाटत नाही, मन निवतं. तोच अंधार, तोच ओला दगड. रामसेंनी त्यात लाल दिवा, वाऱ्याचा आवाज आणि संथ चालणारा उंच माणूस घातला. आदल्या रात्री आपण घाबरलो ते नेमकं कशाला, हे तिथं उभं राहिल्यावर चांगलं उलगडतं. महाशिवरात्रीच्या गर्दीत हे जमणार नाही, साध्या दिवशी लवकर जा.

चित्रपट आवडला तर पुढचा क्रम असा ठेवा. रामसेंचाच १९८८चा ‘वीराना’ आधी, कारण रंग आणि प्रकाश त्यात आणखी मोकळे झाले आहेत. १९८५चा ‘सामरी’ त्रिमितीसाठी केलेला होता. घरच्या पडद्यावर त्याची निम्मी गंमत जाते, तो शेवटी पाहिला तरी चालेल. मराठीत सचिन यांचा १९८९चा ‘भुताचा भाऊ’ घ्या. ‘अशी ही बनवाबनवी’च्या लगोलग आल्यामुळे त्याच्याकडे हवं तसं लक्ष गेलं नाही. मग महेश कोठारे यांचा १९९३चा ‘झपाटलेला’ आहेच. तात्या विंचूला घाबरलेली आणि त्याच्यावर हसलेली पिढी मच्छरसिंगला सहज समजून घेईल. बाहेरचं काही हवं असेल तर हाँगकाँगचा १९८५चा ‘मिस्टर व्हँपायर’ पाहा: तिथलं भूत उड्या मारत येतं, मांत्रिक कुंग-फू करतो आणि लोक हसून हसून घाबरतात. यातला कुठलाही चित्रपट लावताना निदान पहिल्यांदा तरी काहीही पुढे ढकलू नका, आणि पाहायला किमान चार माणसं जमवा.